खाफ्रेच्या मानेमागचा ससाणा

आज पडदा लावलेला नाही आणि चित्रंही दाखवणार नाही. ज्यांना दिसतं त्यांनीही आज फक्त ऐकायचं आहे, आणि त्याबद्दल कुणी कुरकुर करू नये. आपल्या नेहमीच्या श्रोत्यांपैकी एक बाई आहेत. शाळेत संगीत शिकवून निवृत्त झाल्या, जन्मापासून दृष्टिहीन आहेत. पिरॅमिडांवरच्या व्याख्यानानंतर त्या म्हणाल्या होत्या, "पिरॅमिड मला समजला. चौकोनी पाया, चार उतार, वर एक टोक. पण एखादी मूर्ती सांगा ना, अशी सांगा की मी घरी जाऊन ती दुसऱ्याला सांगू शकेन." ही मागणी ऐकायला साधी वाटते. पण आम्ही तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेली माणसं, आम्हाला तिच्यात बराच मोठा प्रश्न दिसतो. तो ओघात येईलच. आधी मूर्ती.

मूर्ती आहे खाफ्रे या राजाची. गिझाच्या तीन मोठ्या पिरॅमिडांपैकी मधला त्याचा. काळ आजपासून साधारण साडेचार हजार वर्षांपूर्वीचा. मूर्ती कैरोला, तहरीर चौकातल्या संग्रहालयात आहे. इजिप्तच्या दहा पौंडांच्या कागदी नोटेवर ती छापलेली होती, म्हणजे तिथल्या भाजीवाल्याच्या गल्ल्यातसुद्धा हा राजा बसलेला असे.

माप सांगतो. उंची १६८ सेंटिमीटर, म्हणजे साडेपाच फूट. रुंदी ५७ सेंटिमीटर, आणि पुढून मागे खोली ९६ सेंटिमीटर. राजा सिंहासनावर बसलेला आहे आणि तरीही मूर्ती साडेपाच फूट भरते. तो उठून उभा राहिला असता तर आपल्यापैकी कुणालाही मान वर करून त्याच्याशी बोलावं लागलं असतं. रुंदीपेक्षा खोली जास्त आहे, हेही ध्यानात ठेवा. त्याचा उपयोग पुढे होईल.

आता सगळ्यांनी जरा सरळ बसा. दिसणाऱ्यांनीही. पाठ खुर्चीला टेकलेली. दोन्ही पावलं अनवाणी आहेत असं समजा. जमिनीवर सपाट, एकमेकांना समांतर, बोटं नाकासमोर. गुडघे बरोबर काटकोनात. उजव्या हाताची मूठ वळा, अंगठा वरच्या बाजूला ठेवा आणि ती मूठ मांडीवर उभी टेकवा. मुठीत घडी घातलेलं कापड धरलं आहे. डावा तळवा पालथा, मांडीवर सपाट, बोटं गुडघ्याकडे. खांदे मागे, छाती थोडी पुढे. हनुवटी वरही नाही, खालीही नाही. आता हलू नका.

कुणाच्या तरी खुर्चीचा आवाज आला. साहजिक आहे. माणसाचं शरीर असं बसत नाही. आपण एका कुशीवर कलतो, पाय पुढेमागे करतो, मान वाकवतो. खाफ्रेच्या शरीरात एकही कल नाही. नाकापासून नाभीपर्यंत एक उभी रेघ ओढली तर डावी आणि उजवी बाजू जुळतात. फरक फक्त दोन हातांचा. ही बैठक विश्रांतीची नाही आणि ध्यानाचीही नाही. आपल्याकडच्या बुद्धमूर्तीसारखी मांडी घातलेली नाही, डोळे अर्धवट मिटलेले नाहीत. दरबार भरलेला असताना राजा जसा बसेल तसा हा बसला आहे, आणि दरबार कधी उठतच नाही.

हे काटकोन का आले, तेही सांगायला हवं. शिल्पकार आधी दगडाचा चौकोनी ठोकळा घेत. समोरच्या बाजूवर समोरून दिसणारी आकृती, कुशीच्या बाजूंवर कुशीतून दिसणारी आकृती रेखायची, आणि मग सगळीकडून आत आत कोरत जायचं. त्या रेघा आत जिथे एकमेकींना भेटतात तिथे राजा. त्यामुळे पूर्ण झालेल्या मूर्तीतही ठोकळ्याची आठवण राहते. दुसरी गोष्ट अशी की हात आणि कूस यांच्यामध्ये पोकळी ठेवलेली नाही. दोन पायांच्या मधली जागा दगडानं भरलेली आहे. पाठ आसनाच्या पाठीला मिळालेली. बाई, तुमचा हात या मूर्तीवरून फिरला तर तो कुठेही पोकळीत पडणार नाही. दंडावरून कुशीवर, कुशीवरून आसनावर, आसनावरून पोटरीवर, दगड सलग आहे. हात उगारलेल्या, पाय उचललेल्या मूर्तीवर आपला हात मध्येच हवेत जातो आणि मग पुढचा अवयव शोधावा लागतो. इथे शोधावं लागत नाही.

दगडाकडे येऊ. जुन्या पुस्तकांत त्याला डायोराइट म्हटलेलं सापडेल. भूशास्त्राच्या आजच्या भाषेत तो अॅनॉर्थोसाइट नाइस. रंग गडद, त्यात फिकट शिरा. तो गिझाच्या आसपास मिळत नाही. इजिप्तच्या अगदी दक्षिणेला, अबू सिंबेलच्या वायव्येच्या वाळवंटात त्याची खाण होती. गिझापासून सरळ रेषेत मोजलं तरी आठशे किलोमीटरच्या आसपास. खाणीपासून नाईलपर्यंत वाळवंटातून ओढत न्यायचा आणि मग नदीतून खाली आणायचा. लोखंडाची हत्यारं नव्हती. तांबं होतं, पण या दगडापुढे तांबं मऊ. म्हणून कठीण दगडाच्या गोट्यांनी ठेचायचं, तांब्याच्या पात्याखाली वाळू घालून घासत कापायचं, आणि शेवटी घासून घासून झिलई आणायची. इथे कापण्याचं खरं काम वाळू करते.

हाताला कसा लागेल? ज्यांच्या घरी पाटा-वरवंटा होता त्यांना चटकन कळेल. पाटा टाकी लावलेला, खरबरीत. वरवंटा मात्र वर्षानुवर्षं वापरून गुळगुळीत झालेला, थंड, आणि उचलताना अंदाजापेक्षा जड. खाफ्रेची त्वचा वरवंट्याची आहे. गालावर, छातीवर, दंडावर बोट थांबत नाही, सरकतं. फक्त काही जागी शिल्पकारानं मुद्दाम रेघा ठेवल्या आहेत. कमरेला बारीक चुण्यांचं आखूड वस्त्र आहे, तिथे बोटाला चुण्या लागतील. डोक्यावर कापडाचं शिरोवस्त्र आहे. पदर डोक्यावरून घट्ट ओढून कानांच्या मागे नेला, आणि त्याची दोन टोकं पुढे दोन्ही खांद्यांवरून छातीवर सोडली, असं समजा. कान उघडे आहेत, कापडाच्या पुढे. छातीवरच्या त्या दोन टोकांवर आडव्या रेघा आहेत. कपाळावर, बरोबर मध्ये, फणा काढलेला नाग आहे, पण तो फारसा वर आलेला नाही. बोट हळू फिरवलं तरच सापडेल. हनुवटीखाली दाढी आहे, नळीसारखी, खाली उतरणारी. ही खरी दाढी नव्हे. राजेपणाची खूण म्हणून बांधायची दाढी.

"चेहरा कसा आहे?" हा प्रश्न बाईंनी आत्ता मध्येच विचारला, आणि इथे जरा थांबायला हवं. कुठलंही पुस्तक उघडा, खाफ्रेच्या चेहऱ्याबद्दल "शांत", "दिव्य", "अनंतकाळाकडे पाहणारा" असे शब्द मिळतील. आम्हीही वर्गात तेच म्हणत आलो. पण हे वर्णन नव्हे, हा अभिप्राय आहे. ज्याला दिसतं तो मूर्ती पाहून पुस्तकाशी वाद घालू शकतो. ज्याला दिसत नाही त्याला आम्ही "शांत" म्हटलं की शांत घ्यावंच लागतं. सांगणाऱ्याच्या हातात ही सत्ता येते, आणि तिच्यामुळे आधी जे आहे ते सांगायचं, मत नंतर, असा नियम आम्ही स्वतःला घालून घेतला आहे.

तेव्हा जे आहे ते असं. चेहरा रुंद. गालांचं हाड दिसतं पण गाल भरलेले. ओठ मिटलेले, जाडसर. ओठांच्या कडा वर वळलेल्या नाहीत, म्हणजे हसू नाही, आणि खालीही नाहीत. भुवया उठावात कोरलेल्या. डोळे उघडे, समोर. कपाळावर आठी नाही, डोळ्यांजवळ सुरकुती नाही, गळ्याला वळी नाही. वय ओळखता येत नाही. वीस वर्षांचा नाही हे खांद्यांवरून कळतं, साठीचा नाही हे पोटावरून. मधलं काहीही. आता तुम्ही याला शांत म्हणा, नाहीतर म्हणा की या माणसाला कशाचीच पर्वा नाही. दोन्ही शब्द या दगडावर बसतात. आमचं मत विचाराल तर, ही शांती कमावलेली नाही, ती नेमून दिलेली आहे. राजाचा चेहरा असाच असायला हवा, असं ठरलेलं होतं. खाणीतून तो दगड ओढून आणणाऱ्यांच्या खांद्यांचं काय झालं असेल, ते या चेहऱ्याला माहीत असण्याचं कारण नव्हतं.

आता मागे चला. खोली रुंदीपेक्षा जास्त आहे असं म्हटलं होतं. राजाच्या समोर उभं राहिलात तर दिसतो फक्त राजा. शिरोवस्त्र, नाग, दाढी, छाती, मुठी, पावलं. पण आसनाची पाठ उंच आहे, खांद्यांपर्यंत येते, आणि तिच्यावर, राजाच्या मानेच्या मागे, एक ससाणा बसलेला आहे. तोंड पुढे, राजाच्या डोक्याच्या मागच्या बाजूला जवळजवळ टेकलेलं. त्याचे दोन्ही पंख पुढे आलेले आणि शिरोवस्त्राच्या दोन्ही बाजूंना चिकटलेले. लहान मुलाच्या मागे उभं राहून आपण दोन्ही तळव्यांनी त्याचं डोकं धरतो ना, तसे. हा होरस देव, आकाशाचा आणि राजपदाचा. जिवंत राजा म्हणजे पृथ्वीवरचा होरस, अशी इजिप्तची धारणा.

आणि हा ससाणा समोरून दिसत नाही. मूर्तीचं जे समोरचं चित्र सगळ्यांच्या ओळखीचं आहे, त्यात तो नाही. बाजूला गेल्याशिवाय तो सापडत नाही. संग्रहालयात समोर उभे राहून फोटो काढून पुढे जाणारे किती तरी लोक राजा पाहतात आणि देव चुकवतात. हात मात्र समोरचा आणि मागचा असा भेद मानत नाही. चेहऱ्यावरून कानावर, कानावरून शिरोवस्त्रावर गेलेला हात पुढच्या क्षणी पंखावर असतो. या एका मूर्तीपुरतं तरी हाताला डोळ्याच्या आधी कळतं.

अठराव्या शतकातला जर्मन विचारवंत हेर्डर यानं १७७८ साली शिल्पकलेवर एक छोटा ग्रंथ प्रसिद्ध केला. चित्र ही डोळ्याची कला आणि शिल्प ही स्पर्शाची, असं त्यानं त्यात मांडलं. त्याच्या मनात ग्रीक मूर्ती होत्या. पण आम्हाला नेहमी वाटत आलं आहे की त्याचं म्हणणं ग्रीक मूर्तींपेक्षा या मूर्तीला जास्त लागू पडतं.

त्याच्याही आधीचा प्रश्न आयर्लंडच्या मॉलिन्यूचा. त्याची पत्नी लग्नानंतर थोड्याच काळात अंध झाली होती, त्यामुळे त्याचा प्रश्न केवळ पुस्तकी नव्हता. जन्मांध माणसाला स्पर्शानं घन आणि गोल ओळखता येतात. त्याला एकाएकी दृष्टी आली, तर हात न लावता, नुसत्या बघण्यानं तो हा घन आणि हा गोल असं सांगू शकेल का? लॉकनं हा प्रश्न १६९४ मध्ये आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत घेतला आणि मॉलिन्यूप्रमाणेच नाही असं उत्तर दिलं. तीनशे वर्षं आम्ही लोक यावर नुसते वाद घालत राहिलो. मग पवन सिन्हा यांच्या 'प्रकाश' या प्रकल्पात, भारतातच, जन्मापासून दृष्टी नसलेल्या काही मुलांची शस्त्रक्रिया झाली आणि हीच परीक्षा घेतली गेली. निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. हातानं ओळखलेली वस्तू मुलांना लगेच डोळ्यानं ओळखता आली नाही. पण काही दिवसांतच ती यायला लागली. लॉक बरोबर होता, पण फार दिवस नाही.

यातून आमच्या कामाचं काय निघतं? हात आणि डोळा यांची जन्मतः ओळख नाही, ती करून द्यावी लागते. शब्दही ते काम करू शकतो. "वरवंट्यासारखा" म्हटलं की तुमच्या हातातली आठवण आणि आमच्या डोळ्यातलं चित्र एका वस्तूवर येऊन बसतात. "सुंदर" म्हटलं की बसत नाहीत.

सगळंच शब्दात येईल असा दावा मात्र नाही. या दगडाला उन्हात एक निळसर झाक येते. इतक्या लांबून हाच दगड आणण्यामागे ती झाक हेही एक कारण असावं, असं अभ्यासक मानतात. ती झाक बाईंना कशी सांगायची? तंबोऱ्याची तार नीट लागली की जवारीतून मूळ सुराच्या वर आणखी काही ऐकू येतं, ते छेडलेलं नसतं पण असतं. त्या जातीचं काहीतरी. बाई मान हलवताहेत. ठीक. पण ही उपमा झाली, निळा रंग नव्हे, आणि तो निळा रंग आहे असं आम्ही म्हणणार नाही.

आसनाच्या बाजू राहिल्या. आपल्या भाषेत सिंहासन म्हणजे सिंहाचं आसन, पण आपण तो शब्द इतका वापरला की सिंह विसरलो. इथे सिंह खरोखर आहे. आसनाच्या पुढच्या दोन्ही कडांना सिंहाची तोंडं, आणि पाय सिंहाच्या पंजांचे. दोन्ही कुशींवर उथळ कोरीव काम. दोन वनस्पती, एक दक्षिणेची खूण आणि दुसरी, पपायरस, उत्तरेची. त्यांचे देठ मधल्या एका उभ्या चिन्हाभोवती गाठ मारून बांधलेले. ते चिन्ह फुप्फुसं आणि श्वासनलिका यांचं, अर्थ "जोडणे". दक्षिण आणि उत्तर इजिप्त एकत्र बांधले गेले, ही राजकीय घोषणा. राजा त्या गाठीवर बसला आहे.

डावीकडे मूर्ती भंगलेली आहे. कोपराखालचा हात आणि पाय, दोन्हींना मोड आहे. वरवंट्यावरून फिरणारं बोट इथे एकदम खरखरीत, धारदार कडेवर येईल. १८६० साली फ्रेंच पुरातत्त्वज्ञ मारिएत यांना ती खाफ्रेच्या खालच्या मंदिरात, एका खड्ड्यात मिळाली. त्या मंदिराच्या मोठ्या दालनात राजाच्या २३ मूर्तींच्या जागा होत्या. भिंती आणि खांब तांबड्या ग्रॅनाइटचे, जमीन पांढऱ्या अलाबास्टरची, आणि उजेड भिंतीच्या वरच्या अंगाला ठेवलेल्या फटींतून तेवढा. म्हणजे अंधारात एकाच माणसाच्या तेवीस मूर्ती बसलेल्या.

कुणी पाहावं म्हणून? हा प्रश्न आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आपण मूर्ती म्हणजे बघायची गोष्ट असं गृहीत धरतो, कारण आपण तिला संग्रहालयात भेटतो, दिव्याखाली. खाफ्रेच्या शंभरएक वर्षं आधीचा राजा जोसेर. सक्कारा इथे त्याची मूर्ती पिरॅमिडाला लागून एका बंद खोलीत ठेवली होती. खोलीला दार नाही. समोरच्या भिंतीत मूर्तीच्या डोळ्यांच्या उंचीवर दोन भोकं. ती लोकांनी आत डोकावण्यासाठी नव्हती, राजानं बाहेर पाहण्यासाठी होती. मूर्ती पाहण्याची वस्तू नव्हती, पाहणारी होती. शिल्पकाराला त्यांच्या भाषेत जो शब्द होता त्याचा अर्थ "जिवंत ठेवणारा" असा होतो. मूर्तीच्या तोंडाला अवजारं लावून "मुख उघडण्याचा" विधी होत असे, म्हणजे मग तिला श्वास घेता यावा, अन्न घेता यावं. आपल्याकडच्या प्राणप्रतिष्ठेची आठवण इथे कुणालाही होईल. साम्य आहे, पण ओढून एक करू नये. आपल्या देवळात मूर्तीच्या पुढे दर्शनाला रांग असते, आणि इथे भिंत होती.

ज्या मूर्ती मुळात अंधारासाठी घडवल्या, त्यांच्यापुढे डोळस माणूस आणि दृष्टिहीन माणूस यांच्यातलं अंतर आपण मानतो तेवढं उरत नाही. दोघंही बिनबोलावलेले. याचा अर्थ अंधत्व हा काही वरचढपणा आहे असं नव्हे. बाईंनीच मागे एकदा आम्हाला बजावलं होतं की दृष्टिहीनांना सहावं इंद्रिय असतं असलं काही व्याख्यानात बोलू नका. इजिप्तच्या चित्रकारांनीही थडग्यांच्या भिंतींवर वीणा वाजवणारे अंध वादक पुष्कळदा काढले, नख्तच्या थडग्यातला तर फार प्रसिद्ध आहे; पण त्यांना तिथे जागा मिळाली ती वादक म्हणून, मेजवानीत.

खाफ्रेला हात लावायला मिळत नाही. संग्रहालयाचा नियम आहे आणि तो योग्यही आहे; रोज हजार हातांचा घाम दगडालाही मानवत नाही. पण वाट निघू शकते. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये इजिप्शियन शिल्पांच्या दालनातल्या काही मूळ मूर्ती दृष्टिहीनांना हाताळू देतात. बर्लिनला नेफरतीतीच्या प्रसिद्ध अर्धपुतळ्याची ब्राँझची प्रतिकृती हातानं पाहण्यासाठी ठेवली आहे. नेफरतीतीच्या मूळ पुतळ्यात उजव्या डोळ्यात स्फटिक बसवलेला आहे आणि डावा डोळा रिकामा आहे. तो तसा का, यावर शंभर वर्षं वाद चालू आहे. पुढच्या महिन्यात ती मूर्ती घेऊ, आणि तेव्हाही पडदा लावणार नाही. आता प्रश्न.